दाण्याची चटणी

ह्यांना बाहेरचं चालत नाही, म्हणून रोममध्ये तीन दिवस मी हॉटेलच्या खोलीत विजेच्या कुकरात मुगाची खिचडी लावत होते. कलोसियमसमोर उभं राहूनसुद्धा हे म्हणाले, “चल आता, भूक लागलीये. भिंतीच तर आहेत.”

शेवटच्या दुपारी मात्र मी हट्टच धरला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदा देश सोडला, तर एकदा तरी इथलं जेवायचं. गल्लीतल्या छोट्या खाणावळीत म्हाताऱ्या मालकिणीनं स्वतः दोन ताटल्या आणून ठेवल्या. वाफाळता पास्ता, वर किसलेलं चीज आणि भरडलेली मिरी. बाकी काही नाही. मी डोळे मिटून वास घेतला आणि काटा उचलला.

तेवढ्यात ह्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून डबी काढली. निघायच्या आदल्या दिवशी मीच कुटलेली दाण्याची चटणी होती ती. आधी माझ्या ताटलीत, मग स्वतःच्या, ह्यांनी दोन-दोन चमचे चटणी घातली. माझ्या हातातला काटा घेऊन माझी ताटली कालवलीसुद्धा. “खा आता. आता चव येईल.”

मालकीण लांबून बघत होती. मी मान खाली घालून सगळं संपवलं.

परत आल्यावर शेजारच्या वृंदाताईंनी मोठ्या हौसेनं विचारलं, “तिकडच्या पास्त्याची चव कशी असते हो?”

हे समोरच पेपर वाचत बसले होते.

“अगदी घरच्यासारखी,” मी म्हणाले.

हे खूश झाले.