पंधरा वर्षांची जागा

"काढून टाका," आई म्हणाली. दुकानात पिशवी नको म्हणावं, तशी.

कादंबरीचं डोकं सटकलं. समोर तिच्या बाबांचा दगड होता. वहीएवढा, त्यावर 'चंद्रशेखर' आणि दोन तारखा. ती दोन वर्षांची असताना ते गेले. राख घरी द्यायची पद्धत इथे जर्मनीत नव्हती, म्हणून कायझर्सलाउटर्नजवळच्या या खेड्यात, चर्चमागे कलश पुरला. पण इथे मेल्यावरही जागा कायमची मिळत नाही. पंधरा वर्षं झाली की मुदत वाढवायची, नाहीतर दगड उचलतात आणि जागा दुसऱ्याला देतात. तेच विचारायला इथली देखभाल करणारे जर्मन गृहस्थ, हेर (म्हणजे श्रीयुत) लांग, फॉर्म घेऊन उभे होते.

"आई, माझ्याकडे त्यांचं दुसरं आहे काय? तू तर एक शब्द बोलत नाहीस!"

"मग दगडाशी बोलणारेस का?"

"दगड बरा! निदान त्याच्यावर नाव तरी आहे."

बाबांचा विषय निघाला की आई भांडी घासायला उठायची. इथे भांडी नव्हती, म्हणून हातमोजे काढत-घालत राहिली. कादंबरीला वाटलं होतं, आज रडू येईल. काहीच आलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गालाचं होतं, तसं आत सगळं झालं होतं.

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारं अमेरिकन जोडपं आलं. पेन्सिल्व्हेनियातल्या एका खेड्याचं. त्या गावाला नावही याच गावाचं, इथून गेलेल्या लोकांनी दिलेलं. तिथे जुन्या गिरणीला इतिहासाची पाटी, शाळेला पाटी, गोठ्यालासुद्धा पाटी. मूळ पुरुषाचं थडगं शोधत दोघं इतक्या लांब आले होते. हेर लांगना इंग्रजी जमेना. मग कादंबरीनंच सांगून टाकलं.

"नाहीये. इतकं जुनं इथे कुणीच नाहीये. चर्च आठशे वर्षांचं आहे, पण थडगी सगळी माझ्या आईपेक्षा वयानं लहान."

म्हातारा टोपी काढून नुसताच उभा राहिला. म्हातारीची नजर फिरत फिरत समोरच्या दगडावर आली.

"हे तुझे कोण?"

"बाबा."

"अच्छा. कसे होते गं?"

कादंबरीनं तोंड उघडलं. सांगायला काही नव्हतं. लोक सॉरी म्हणायचे आणि पुढे जायचे. हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनंसुद्धा. बोलत नाहीस म्हणून ती आईशी फक्त भांडली होती.

"आई, त्या विचारतायत. बाबा कसे होते?"

आईचे हात थांबले.

"घोरायचे," ती म्हणाली.

"काय?"

"घोरायचे गं! इतके, की खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. आणि हे झोपेतच ओरडायचे, 'या या, दार उघडंच आहे!' मराठीत! सांग ना त्यांना. आणि एकदा तर..."

"आल्झो, तर मग," हेर लांगनी पेन काढलं. "काय लिहू? ठेवायचं की काढायचं?"

"थांबा हो जरा!" कादंबरी त्यांच्यावर खेकसली. "आई बोलतेय."