अतिशयोक्तीचं उदाहरण

दहावीची इंग्रजीची तोंडी परीक्षा चालू होती. अतिशयोक्तीचं उदाहरण विचारलं की प्रत्येक पोर गाइडमधलं तेच वाक्य घडाघडा म्हणत होतं, 'मी तुला हजार वेळा सांगितलं.' बाविसाव्या पोरानंतर गुजरबाईंचं डोकं फिरलं. "आता गाइडमधलं सांगेल त्याला शून्य," त्यांनी बजावलं.

पुढची हेमांगी. टेबलाची कड घट्ट धरून, इंग्रजी शब्द एकेक जुळवत ती म्हणाली, "माझ्या आईने नऊ दिवस तोंड उघडलेलं नाही."

मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. बाईंनाही हसू आलं. नऊ दिवस गप्प राहणारी आई त्यांनी अजून पाहिली नव्हती. "शाब्बास. स्वतःचं आहे," म्हणत त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

हेमांगी जागची हलली नाही. "मार्क कापा, बाई."

"का गं?"

"ही अतिशयोक्ती नाही. तिचा जबडा तारांनी बांधलाय. घरातल्या जिन्यावरून पडली, असं बाबांनी डॉक्टरांना सांगितलंय."

बाईंचं पेन थांबलं.

हेमांगीने एकदा रांगेकडे वळून पाहिलं आणि आणखी हळू आवाजात म्हणाली, "आमच्या घराला जिनाच नाही."