कसबी हात

२०१३ साली टेलरमास्तरांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मोटारशर्यतीचे गेम खेळून त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा नाद लावून घेतला. कॉम्प्युटर इतका थकलेला, की रेकॉर्डिंग सुरू झालं की मोटार रांगायला लागायची आणि मागे भाजी निवडत बसलेल्या बायकोला हसू आवरायचं नाही.

"अहो, मी चालत निघाले तरी तुमच्या आधी पोचेन."

"अगं, हळू. तुझा आवाज येतो त्यात."

"येऊ दे की. घरात तरी कोण ऐकतंय माझं?"

मास्तरांचा हात कसबी. शर्यत संपली की ते तिचा शब्द न् शब्द सफाईने कापून काढायचे आणि कॉम्प्युटरमध्ये जागा उरत नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचे.

चार वर्षांनी घशाच्या ऑपरेशनमध्ये बायकोचा आवाज कायमचा गेला. नात झाली तेव्हा तिने वहीत लिहून दाखवलं, 'हिला माझा आवाज ऐकवा. तुमच्या व्हिडिओत असेल ना कुठेतरी?'

पुढे मुलाने दुकान वाढवलं, कॉम्प्युटर भंगारात गेला, नात शाळेत जायला लागली आणि आजी नुसत्या हातवाऱ्यांनी टोमणे मारायला शिकली.

 

मास्तर मात्र अजूनही रोज फोनवर आपला एकेक जुना व्हिडिओ कानाशी धरून बसतात, कापताना कुठेतरी आपली चूक झाली असेल या आशेने.