कुणालाही सुचेल अशी लस

“म्हणजे मी हरलो, असं लिहून देऊ?” रुपचंद सरांनी कागद पुरता न वाचताच टीपॉयवर ठेवला.

कामिनी सोफ्याच्या कडेला अवघडून बसली होती. शेळ्यांच्या देवीवरची लस तिने धुळ्यात, स्वतःच्या छोट्या कारखान्यात काढली होती. युक्ती एवढीच, की विषाणू वाढवायची भांडी शेळीच्या अंगाइतकी उबदार न ठेवता चांगली थंड ठेवायची. लस चौपट निघू लागली. तिने पेटंट मागितलं, तर एका बड्या कंपनीने हरकत घेतली: यात शोध कसला, हे कुणाही जाणकाराला सहज सुचेल! पेटंट गेलं, की तीच कंपनी ही लस काढणार आणि धुळ्याच्या कारखान्याला कुलूप लागणार.

“हरलो नका लिहू, सर. इतकी वर्षं खपूनही जमलं नव्हतं, एवढंच लिहा. तुम्हाला जमलं नाही ते सोपं होतं, असं कोण म्हणेल?”

जाणकार म्हणावा असा उभ्या खानदेशात सरांवाचून दुसरा होता कोण? शेळीचा रोग शेळीच्याच उबेत वाढणार, असं धरून त्यांनी अख्खी नोकरी घालवली. लस काही धड निघाली नाही; शेवटी होती नव्हती ती सगळी फेकून द्यावी लागली. आता जळगावात घर बांधून ते सत्काराच्या शाली घेत होते, आणि ही बाई अपयशाचा दाखला मागायला आली होती.

“माझ्या केव्हाच लक्षात आलं होतं ते. वरिष्ठांनी वेळ दिला नाही,” सर म्हणाले. “कंपनीलाही मी तसंच लिहून दिलंय. साधी गोष्ट आहे, कामिनी.”

पडलो तरी नाक वर! कामिनीला संताप आला, आणि याच माणसाच्या हाताखाली आपण शिकलो याची लाजही वाटली.

सरांच्या पत्नी प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. “इतलं सोपं व्हतं, तं मंग बठ्ठी लस फेकी दिन्ही तव्हय दोन दिन जेवनात का नहीत तुम्ही?”

“तू आत जा.”

त्या चहा ठेवून आत गेल्या. कामिनीने सहीविना राहिलेला कागद पर्समध्ये घातला आणि उठली.

सर फाटकापर्यंत सोडायला आले. रस्त्यावर कुणी नाही असं बघून त्यांनी आवाज उतरवला.

“पण खरं सांग, भांडी थंड ठेवायचं तुला सुचलं कसं गं?”