घराला घर

"अमरावतीत गोठ्याचं भाडं ऐकलं अन् उलट्या पावली फिरलो," खुशालराव म्हणाला. "तेवढ्यात आमच्या हिंगोलीला वर्षभर अख्खं घर मिळतं."

उत्तमराव हसला नाही. "अकोल्यातबी तेच. विलायतेनं कापूस मागतला अन् इथं उकिरड्यालेबी भाव आला."

म्हणून तर घराला घर ठरत होतं. खुशालराव निजामाच्या मोगलाईतून बायको शकुन आणि तान्ह्या मुलीला घेऊन कापसात नशीब काढायला आला होता. उत्तमरावाला उलट वऱ्हाड सोडून पैनगंगेपलीकडे जायचं होतं. एकमेकांच्या घरात राहायचं, भाड्याची कटकटच नको. सौदा इतका सरळ होता की शकुनला त्याचीच भीती वाटत होती. गावात सोनं पिकत असताना उठून मोगलाईत कोण जातं?

घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला होतं. जोतं दगडी, उजेड भरपूर. पण चुलीपाशी भांडी मोठ्या कुटुंबाची, आणि माणसं तीनच: उत्तमराव, त्याची बायको कौशल्या आणि तिचा पदर न सोडणारा लहानगा मुलगा. बाहेर शेजारणीने शकुनच्या मुलीकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि घागर घेऊन आत गेली.

"घरात बाकी कुणी नाही?" शकुनने विचारलं.

कौशल्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"सांग तिले," उत्तमराव म्हणाला. "कोनाले फसवून घर देनं नाई."

"सासूबाई पंचकात गेल्या," कौशल्या म्हणाली. "भटजीनं सांगतलं, पाच मयने घर सोडा, नाईतं हे घर पाच जीव नेल्याबिगर राह्यत नाई. पन जावं कुठं? या तेजीत एका खोलीच्या भाड्यात बैलजोडी गेली असती. राह्यलो इथंच. मंग सासरे गेले, मंग दोन्ही दीर. शेवटी माही पोरगी."

शकुनने मुलीला छातीशी आवळलं.

"भेऊ नका," उत्तमराव म्हणाला. "पाच झाले. आता हे घर कोनाले हात लावत नाई. पन हिचा जीव लागत नाई इथं. हा एकच उरला. याले घेऊन दूर, चांगल्या घरात राहू द्या आमाले."

"आमचं घर मोकळं आहे," खुशालराव म्हणाला. "अंगणात विहीर आहे, मागं चिंच आहे. पोरगं खेळेल."

कौशल्याने आपल्या मेलेल्या मुलीचे चांदीचे वाळे काढले आणि शकुनच्या मुलीच्या पायात घातले. "इची नजर काढत जा, बाई," ती म्हणाली. शकुनला रडू आवरेना. एवढ्या भल्या माणसांवर आपण संशय घेतला, याची तिला लाज वाटली.

दुपारी उत्तमरावाची बैलगाडी हिंगोलीच्या वाटेला लागली. मुलगा मागे तोंड करून बसला होता. त्याने शकुनकडे पाहून हात हलवला.

खुशालराव आत आला आणि त्याने दाराला अडसर घातला. शकुनने तो अडसर पुन्हा ओढला.

"अहो, हाक मारा त्यांना," ती म्हणाली. "हिंगोलीच्या आपल्या घरातनं पंचकाचे चारच गेलेत."