खिडकीसमोरचा चेहरा

सोमवारी सकाळी, निवृत्त छायाचित्रकार अप्पांच्या बैठकीच्या खोलीत, त्यांच्या मुलीने त्या दिवशीचे वर्तमानपत्र टेबलावर पसरले. पहिल्या पानावर तिचाच फोटो होता. आपल्या औषध कारखान्यात मुदत संपलेल्या गोळ्यांवर नव्या तारखा पडतात, हे तिने बातमीदाराला सांगितले होते. अट एकच: चेहरा ओळखू येता कामा नये. म्हणूनच फोटोसाठी तिने त्याच वर्तमानपत्रात छायाचित्रकार असलेला आपला धाकटा भाऊ मागून घेतला होता. त्याने तिला तिच्या घरातल्या खिडकीकडे पाठ करून उभे केले आणि शब्द दिला, की अ‍ॅपर्चर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत घेणारे छिद्र, इतके बारीक ठेवतो, की खिडकीबाहेरचे सारे दिसेल आणि तू नुसती काळी सावली उरशील.

“गेटवरच्या वॉचमननेच ओळखलं,” ती म्हणाली. “‘बाई, अगदी हुबेहूब आलात!’ आणि मग म्हणतो, तुम्हाला आत सोडायचं नाही, वरून निरोप आहे.”

“ताई, तुझी शपथ, मी अ‍ॅपर्चर बारीकच ठेवलं होतं,” समोर बसलेला भाऊ म्हणाला. “खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर ऊन आलं, त्याचा उजेड तुझ्या तोंडावर पडला. उन्हाला मी काय करू? विचार अप्पांना.”

“अप्पा, असं होऊ शकतं ना?” तिच्या स्वरात आरोपापेक्षा विनवणीच अधिक होती.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंग घेऊन पान डोळ्यांशी नेले.

“फोटो उत्तम आहे. डोळे जिवंत आलेत.”

“शेवटी शिकवलंय कोणी!” मुलगा सैलावून हसला.

अप्पा हसले नाहीत. भिंग चेहऱ्यावरून खिडकीवर सरकले.

“हिच्या खिडकीतून समोर काय दिसतं?”

“घरं,” मुलगी म्हणाली. “गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे.”

“इथे त्यातलं काही नाही. खिडकी पांढरीफटक पडलीये. अ‍ॅपर्चर बारीक असतं, तर तोंडावर कितीही उजेड येऊ दे, ती घरं जागची हलली नसती.”

मुलगा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “पण अप्पा, बातमी पहिल्या पानावर आली ना! नुसत्या सावल्या आतल्या पानात जातात.”

“म्हणजे काय, अप्पा?” मुलीने विचारले. भावाकडे तिने पाहिले नाही.

अप्पांनी भिंग खाली ठेवले.

“म्हणजे याने तुझा चेहरा दिसावा म्हणूनच अ‍ॅपर्चर उघडलं.”