नावेची नवी बॅटरी

मोनिकाने चार्ज मोजायची काचेची नळी बॅटरीच्या शेवटच्या घरातून काढली आणि उन्हाकडे धरली. आतला काटा पार खाली बुडाला होता. निम्म्याहून जास्त चार्ज आजही गेला होता.

"झाली का खात्री?" तिच्या नवऱ्याने, करणने विचारलं.

तलावाच्या काठावर काकासाहेब टेम्पोला टेकून उभे होते. ते नाव विकत घ्यायला आले होते. बोलणं कालच झालं होतं. बॅटरी आजही उतरलेली निघाली तर नाव टेम्पोत चढणार आणि एक तारखेपासून ती चालवणारा करणचा बाप, रायभान, जालन्याच्या एमआयडीसीत वॉचमन म्हणून बसणार. करण तिथल्याच एका मिलमध्ये कामाला होता. बापासाठी जागा त्यानेच बघून ठेवली होती. रायभानचा उजवा खांदा वल्ही मारून मारून कामातून गेला होता. मोटर चालली तरच नाव चालणार होती. रायभान यावर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. तो तसा कशावरच फार बोलत नसे.

मोनिकाच्या मात्र जिवाला लागलं होतं, कारण बॅटरी तिने निवडली होती. पहिली बॅटरी ट्रॅक्टरची होती. गावात बॅटरी म्हटलं की ट्रॅक्टरचीच. ती दोन महिन्यांत बसली. मोनिका फिजिक्सची पदवीधर सून. तिने घरात सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "ट्रॅक्टरला चालू व्हायला एकच दणका लागतो. नावेला थोडं थोडं, पण तासन्‌तास लागतं." मग इन्व्हर्टरला लावतात तसली जाड प्लेटांची बॅटरी आली. त्यासाठी सासूने, आसराबाईने, आपल्या दोन शेळ्या विकल्या. सासरे फिल्टरचं म्हणून जारमधलं पाणी बॅटरीत ओतायला निघाले, तेव्हा मोनिकाने त्यांचा हात धरला आणि दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं. वायरींच्या टोकांना व्हॅसलीन लावलं. रोज संध्याकाळी बॅटरी हातगाड्यावर घरी नेऊन चार्जिंगला लावायचं कामही तिने स्वतःकडेच घेतलं.

सकाळी कापूस वेचणाऱ्या बाया तलावापलीकडे सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. एवढ्याला बॅटरी आरामात पुरायची. पहिला महिना पुरलीही. गेल्या आठवड्यापासून मात्र परतीच्या फेरीत मोटर मध्येच बसू लागली. काल तर बायांनी डब्यांची झाकणं पाण्यात घालून नाव काठाला आणली. त्यांना ती गंमत फार आवडली, करणला नाही.

"चला, लावा हात," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या हातात फोडलेलं सीताफळ होतं. आलेल्या माणसाला रिकामं बसवायचं नाही म्हणून आसराबाईने टोपलीतलं मोठं बघून दिलं होतं. "काय गोड हाय हो वहिनी!"

"थांबा जरा," मोनिका म्हणाली. तिने सहाही घरं पुन्हा एकेक करून तपासली. काटा प्रत्येकात सारखाच बुडत होता. ती हळूच हसली.

"बॅटरी बिघडली असती, तर एखादं घर मागं पडलं असतं. इथं सहाही सारखी उतरलीत. रात्री चार्ज झाल्यावर सकाळपर्यंत तर थेंबभर बी कमी होत न्हाई. हिला काही झालेलं न्हाई. हिला दुपारी कुणीतरी वापरलंय."

"दुपारी नाव बांधलेली असती," करण म्हणाला.

नावेत बसलेला रायभान बांधलेल्याच दोराला आणखी एक गाठ मारू लागला.

मोनिकाचं लक्ष टोपलीकडे गेलं. गावातली सीताफळं पोरांनी कधीच कच्ची झोडपली होती. एवढी पिकलेली आता फक्त टेकडीवर मिळत. आणि तलाव भरल्यापासून टेकडीच्या चहूकडे पाणी होतं. आठवडाभर घरात रोज सीताफळं येत होती आणि कुठून येतात, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"मामा," तिने सासऱ्याला विचारलं, "दुपारी टेकडीवर कोण जातं?"

रायभानने गाठ सोडली. पुन्हा मारली.

"वाट चुकलो," तो म्हणाला.

"तळ्यात?" काकासाहेब इतके हसले, की सीताफळाची बी त्यांच्या घशात गेली.

"रोज?" मोनिकाने विचारलं.

रायभान एक वेळ गेटवर जाऊन बसला असता, पण हे सांगायला तयार नव्हता. आसराबाईने पदर नाकापर्यंत ओढला. पदराआड ती हसत होती.

"माय, तू बी?" करणचे डोळे मोठे झाले.

काकासाहेबांनी खोकत खोकत टेम्पोचं फाळकं लावलं. "आपली खेप वाया गेली गड्या. ही नाव काय विकायची न्हाई. जाताना दोन सीताफळं मात्र नेतो."

पलीकडच्या काठावरून बायांच्या हाका येऊ लागल्या. रायभान मोठ्या घाईने उठला. "बाया वाट बघून राह्यल्यात."

"सावकाश न्या मामा, पुरंल," मोनिका म्हणाली. मोटर आवाज न करता सुरू झाली आणि नाव काठापासून दूर गेली.

करणला अजून उमगत नव्हतं. "पर माय, फिरायचंच होतं, तर इतके वरीस वल्ह्यानं का न्हाई गेलात? तवा तर आबाचा खांदा बी धड होता."

"जायचो की. गवताला रोजच जायचो," आसराबाई नावेकडे बघत म्हणाली. "पर वल्हं मारताना दम लागतो, बोलता येत न्हाई. मला वाटायचं, ह्यांना बोलायचंच न्हाई."